खालून येणारं हसू

सणाच्या दिवशी अख्खं घर मिळून विनोदी सिनेमा का बघतं, यावर माझ्या नवऱ्याचं उत्तर तयार असतं. सुटी असते, पोट भरलेलं असतं, हसायला बरं वाटतं, आणखी काय हवं? मी गप्प बसते, कारण तो तिथं नव्हता. त्र्याहत्तरच्या दसऱ्याला, सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये, बारा ते तीनच्या खेळाला मी होते. सगळे लोक पोट धरून हसत होते आणि मी त्यात एकच हसू शोधत होते.

आमच्याकडे दसरा म्हणजे दीक्षाभूमी. बाबांनी छप्पन साली तिथंच दीक्षा घेतली, आणि दुसऱ्या वर्षापासून त्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत गावाकडची माणसं मावेनाशी झाली. मामा, आत्या, त्यांची लेकरं, त्यांच्या शेजारणी. सकाळी पांढरे कपडे घालून सगळे वंदनेला जायचे आणि परत आल्यावर भाजी-भाकर उरकून सिनेमाला. तोही विनोदीच. बाबांचं म्हणणं असं, की गावातले लोक बारा महिने रडून येतात, त्यांना नागपुरात आणून पुन्हा रडवायचं म्हणजे पाप. रडका सिनेमा लागला असेल तर बाबा दुसरी टॉकीज शोधायचे, पण विनोदीच दाखवायचे.

टॉकीजमध्ये मात्र आम्ही एकत्र बसत नसू. स्वस्तातला बायकांचा वर्ग वर होता, जिन्यावरून जायचं, पुढे लाकडी कठडा. पुरुष खाली, पडद्याजवळ, बाकांवर. एकदा दिवे गेले की खालचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. पण बाबा कुठं बसलेत ते सगळ्या टॉकीजला कळायचं. बाबा गिरणीत विणकाम खात्यात होते, मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला माणूस, त्यांचं बोलणंच ओरडल्यासारखं. आणि हसणं हापशासारखं. आधी दोन-तीन कोरडे दट्टे, आवाज नुसता, आणि मग एकदम पाणी. एवढ्यावर ते थांबत नसत. सगळ्यांचं हसून झालं, पडद्यावर दुसरंच काही सुरू झालं, की बाबांना मघाचा विनोद पुन्हा आठवायचा आणि ते एकटेच दुसऱ्यांदा हसायचे. मग लोक त्यांना हसायचे. वर बायका म्हणायच्या, "तुळसाबाई, तुमचे आले वं पुन्हा!" आई पदरात तोंड घालायची.

माझा धाकटा भाऊ बळीराम बाबांची ही नक्कल हुबेहूब करायचा. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, हिंगण्याला एका कारखान्यात नुकता लागला होता. घरी पाहुणे आले की, "बळी, बाबासारखा हास ना गा," अशी फर्माईश व्हायची आणि बाबा स्वतः सगळ्यात जास्त हसायचे. मग कुठलं खरं आणि कुठलं नकली ते कळायचं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी विनोदी सिनेमात नोकराला थोबाडीत मारल्याशिवाय भागत नसे. मालक मारायचा, नोकर गरगर फिरून पडायचा, लोक खो-खो हसायचे. आमच्या घरचं कुणी तिथं हसत नसे. बाबांचा तो कायदाच होता. बाबा सात वर्षांचे असताना गावच्या मालगुजारानं माझ्या आजोबांना चावडीसमोर थोबाडीत मारली होती, आणि बसलेले लोक हसले होते. बाबा म्हणायचे, "मार मले नाही आठवत. हसणं आठवते." म्हणून आम्ही लहान असल्यापासून शिकलो, पोट धरून हसा, लोळा, पण मार खाणाऱ्याला हसायचं नाही. लहान लेकरू चुकून हसलंच तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची. हळूच ठेवायची, पण ठेवायची.

त्या दसऱ्याला मी माहेरी आले होते. सकाळी दीक्षाभूमीवरून परतताना गर्दीत आम्ही मागं पडलो, बाबा आणि मी. एका भिंतीजवळ बाबा थांबले. टेकले. मला वाटलं चपलेत खडा गेला. बघते तर कपाळावर घामाचे थेंब, आणि उजवा हात डाव्या दंडावर.

"काय झालं बाबा?"

"काही नाही वं. गॅस होय. सकाळी चहा उपाशीपोटी झाला."

"छातीत दुखून राहिलं काय?"

"आता थांबलं." ते सरळ झाले, पण लगेच चालायला लागले नाहीत. "हे पाह्य प्रेमिला, आईले सांगू नको. भेते. उद्या पाहुणे गेले का आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ. आज नाही."

मी "आजच जाऊ" म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. आज मी साठीला टेकले आहे आणि अजून त्या भिंतीपाशी जाऊन ते वाक्य म्हणून येते. पण आमच्या घराचा दुसरा कायदा असा होता, की आईला सांगायचं नाही. त्या दसऱ्याच्या सहा वर्षं आधी बाबांच्या गिरणीत कापसाला आग लागली होती. भोंगा वाजला, सगळ्यांच्या बायका धावत फाटकाशी गेल्या, आईही गेली. एकेक माणूस बाहेर येत होता आणि बाबा येत नव्हते. तीन तासांनी आले, काळे झालेले, धड. त्यांना पाहिल्यावर आई तिथंच कोसळली. तेव्हापासून घरात ठरून गेलं, आई नाजूक आहे, तिला काही सांगायचं नाही. बळीच्या बोटाला मशीन लागली, नाही सांगितलं. माझं पहिलं पोटातच गेलं, दोन महिन्यांनी सांगितलं. आम्हाला वाटायचं आम्ही तिला जपतो.

तर मी तोंड बंद ठेवलं आणि सिनेमाला गेले.

सिनेमा असा होता, की एका कजाग घरमालकाच्या बंगल्याच्या गच्चीवर भाडेकरूंनी म्हैस लपवून ठेवलेली असते. मालकाला जनावरांचा तिटकारा. म्हैस ओरडली की खालच्या मजल्यावरचा कुणीतरी जोरात गायला लागतो. चांगला होता सिनेमा, असं लोक म्हणतात. मला त्यातली म्हैस आठवते आणि बाकी फक्त आवाज आठवतात.

मी आईच्या शेजारी बसले होते. पलीकडे भागीरथा आत्या, त्यांच्या पलीकडे गावाकडच्या बायका. दिवे गेले तशी मी पडद्याकडे बघणं सोडलं आणि कान खाली लावले. म्हैस पहिल्यांदा ओरडली. लोक हसले. त्या गोंगाटात मी शोधत होते. आणि आलं. दोन कोरडे दट्टे, मग पाणी. थोड्या वेळानं, एका प्रेमाच्या गाण्याच्या मध्येच, दुसरं. माझा जीव भांड्यात पडला. आत्या मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "पाह्य कशी हसून राहिली आमची पोरगी!" मी हसत नव्हते, नुसता श्वास सोडला होता.

मध्यंतरापर्यंत असंच चाललं. हसू आलं की जिवात जीव, हसू थांबलं की पुन्हा कान खाली. दीड तास मी असा काढला, की त्यापेक्षा बाळंतपण परवडलं.

मध्यंतरात बाबा दर वर्षी जिना चढून वर यायचे, दाराशी उभे राहून सगळ्या बायकांना भाजलेल्या शेंगांच्या पुड्या द्यायचे आणि प्रत्येकीला विचारायचे, "काय वं, आवडून राहिला का?" या वेळी वर आले नाहीत. डोअरकीपरनं हाक मारली म्हणून मी खाली गेले. बाबा पहिल्या पायरीशी उभे होते, एक हात कठड्यावर. माझ्या हातात पुड्या देताना त्यांची बोटं लागली. ऑक्टोबरातल्या त्या उकाड्यात ती बोटं गार होती.

"बाबा, चला. आत्ताच जाऊ."

"पागल झाली काय? म्हैस सापडाची आहे अजून." हसले ते. "जा वर. आई पाहून राहिली असंन."

मी वर बघितलं. जिन्याच्या टोकाला आई उभी होती. तिनं विचारलं, "काहून नाही आले वर?" मी म्हणाले, "गर्दी आहे जिन्यात." जिन्यात चिटपाखरू नव्हतं. आईनं पुडी घेतली आणि जागेवर जाऊन बसली.

पुन्हा दिवे गेले. दहा मिनिटं झाली. म्हैस जिन्यावरून खाली यायला लागली, लोकांनी टॉकीज डोक्यावर घेतली, आणि खालून काही नाही. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. माझ्या तळव्यातला घाम शेंगांच्या कागदाला लागून कागद फाटला. आईच्या हातातली शेंग तोंडापर्यंत जाऊन थांबली होती. मी उठणार एवढ्यात आलं. दोन कोरडे दट्टे, मग पाणी. अगदी खणखणीत, मघापेक्षा मोठं. शेजारची बाई म्हणाली, "आले तुमचे!" मी डोळे मिटून घेतले.

पुढच्या विनोदाला पुन्हा आलं. त्याच्या पुढच्यालाही. मी वाट बघत होते ती मागाहूनच्या दुसऱ्या हसण्याची. ते येत नव्हतं. मी मनाला समजावलं, सिनेमा जोरात चाललाय, बाबांना आठवायला फुरसत नसेल. माणूस घाबरला की स्वतःला काय वाटेल ते पटवून देतो. आई शेंगा खात नव्हती. तिचे दोन्ही हात कठड्यावर होते.

मग मालकानं नोकराला बोलावलं. गच्चीवर शेण कुठून आलं, असं विचारलं, आणि ठेवून दिली एक थोबाडीत. नोकर गरकन फिरला. टॉकीज फुटली हसण्यानं. आमच्या ओळीतल्या बायका गप्प, आत्या गप्प, सवयीनं.

आणि खालून बाबांचं हसू आलं. दोन कोरडे दट्टे, मग पाणी.

सोळा वर्षांत बाबा त्या जागी एकदाही हसले नव्हते. खाली जे कुणी हसत होतं ते बाबा नव्हते.

मी आईकडे वळले, तर आई तिथं नव्हती. ती उठून निघालीसुद्धा होती. बायकांच्या गुडघ्यांवरून, पिशव्यांवरून, कुणाच्या पायावर पाय देत, अंधारात, न अडखळता. मी तिच्या मागं धावले. जिना उतरताना मी दोनदा कठडा धरला, तिनं एकदाही नाही. खालच्या दारावर डोअरकीपर म्हणाला, "बाई, ये मर्दाना है." आईनं त्याला हातानं बाजूला केलं, जसं गोठ्यात वासराला करतात, आणि आत गेली.

पडद्याच्या उजेडात बाकांच्या ओळी दिसत होत्या. पाचव्या ओळीत बळी बसला होता. त्याच्या डाव्या बाजूला एक जागा रिकामी, उजव्या बाजूला एक रिकामी. बाबांबरोबर खाली बसलेले चंपतराव मामाही नव्हते. पडद्यावर काहीतरी झालं, लोक हसले, आणि बळी हसला. बाबांचं हसू. त्याचं तोंड दाराकडे होतं, पडद्याकडे नव्हतंच. गाल ओले होते, हनुवटीवरून पाणी खाली गळत होतं, आणि छातीतून ते हसू निघतच होतं.

आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तो थांबला. तिच्या हाताखाली त्याचं तोंड वाकडं झालं, लहानपणी रडायच्या आधी व्हायचं तसं. आईनं विचारलं ते एवढंच, "कोठी नेलं?"

"रामदासपेठेत, दवाखान्यात. मामा घेऊन गेले रिक्षात." बळीचा आवाज फुटत होता. "मी चाललो होतो आई. बाबा म्हणाले, तू इथंच बस. माह्यासारखा हासत राय. वरती तिले आयकू नाही आलं तर भेईन. सिनेमा सुटेपर्यंत हास, म्हणाले." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मले काहीच दिसून नव्हतं राहिलं. लोक हासले का मी हासत होतो."

बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत घुसलं. दसऱ्याचा दिवस, प्रत्येक गाडीला झेंडूच्या माळा. आम्हाला मिळालेल्या सायकलरिक्षाच्या दांड्यालाही माळ होती आणि रिक्षावाल्याला आनंद झाला होता, तो "किधर माताजी, घूमने?" म्हणाला. आईनं दवाखाना म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला आणि तो पेडलवर उभा राहिला. बळी मागच्या रिक्षात. वाटेत एका चौकात मिरवणूक आडवी आली. ढोल, गुलाल, पोरं नाचताहेत. रिक्षा थांबली. मी "सरका, सरका" असं ओरडले, कुणाला ऐकू गेलं नाही. मला त्या नाचणाऱ्यांचा इतका संताप आला, की दगड मारावा. आई सरळ बसली होती. तिचा हात माझ्या मनगटावर होता. मला वाटत होतं आता ही कोसळेल, मग मी दोघांना कसं सांभाळू. ती कोसळली नाही. ढोलवाल्यांच्या मधून वाट झाल्यावर तिनंच रिक्षावाल्याला सांगितलं, "चल गा."

तो एका डॉक्टरांचा खासगी दवाखाना होता, सणामुळे अर्धा बंद. पडवीत बाकावर चंपतराव मामा बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांत बाबांच्या चपला होत्या, छातीशी धरलेल्या. आम्हाला पाहून ते उठले, पण चपला खाली ठेवेनात. त्या चपला पाहिल्या आणि मला वाटलं, संपलं. मी भिंत धरली. अशी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही, पुढं स्वतःच्या ऑपरेशनलाही नाही.

"आहेत," मामा म्हणाले. "आत आहेत. सुई देल्ली."

तरुण डॉक्टर बाहेर आले. हार्ट अटॅक आहे, म्हणाले, अजून धोका टळलेला नाही, तीन दिवस काही सांगता येत नाही. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "दुखायला केव्हा लागलं? सिनेमातच?"

मामा म्हणाले, हो, सिनेमातच. बळी म्हणाला, हो. आई माझ्याकडे बघत होती.

"सकाळपासून," मी म्हणाले. "सकाळी दहाला."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तेव्हाच आणायला हवं होतं," ते म्हणाले, फार मोठ्यानं नाही. आई मला रागावली नाही. रागावली असती तर मी आज थोडी बरी असते. तिनं फक्त माझ्यावरची नजर काढली आणि नर्सच्या मागं आत गेली. एकालाच सोडणार होते, पण मी दाराच्या फटीशी उभी राहिले, आणि मला कुणी हटकलं नाही.

बाबा पलंगावर होते, नाकात नळी, चेहरा राखेसारखा. डोळे उघडे होते. आईला पाहून ते आधी घाबरले. खरंच घाबरले, चोरी पकडल्यासारखे.

"सिनेमा सुटला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग? बळी हासून नव्हता राहिला काय?"

"राहिला होता. नोकराले मारलं तिथं बी हासला."

बाबांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "तू भेशील म्हणून नाही सांगतलं."

आई पलंगाशी उभी होती, बसली नव्हती. आजवर तिनं बाबांसमोर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही चढवला नाही. ती म्हणाली, "मी वरतं बसून काय करते, असं वाटते तुमाले? सिनेमा पाहते?"

बाबांनी डोळे उघडले.

"सहा वर्सं झाले मी फाटकातच उभी आहो. भोंगा झाला का भेव. तुम्ही दहा मिंटं उशिरा आले का भेव. तुम्ही झोपले का नाकाशी हात धरून पाहते मी, माहीत आहे तुमाले? वर्साचे तीन घंटे असतात मले भेव नसलेले. टॉकीजमदले तीन घंटे. काहून का तुम्ही कोठी आहा, जिते आहा, ते मले वरतं बसल्या बसल्या आयकू येते." तिचा श्वास संपला. तिनं तो घेतला. "बळीचे बाबा, तेवढे तीन घंटे बी तुम्ही नकली करून ठेवले."

दाराच्या फटीशी उभी राहून मी रडत होते, आणि माझ्या मागं बळी रडत होता, आणि मामा चपला धरून होते.

"माह्यं चुकलं," बाबा म्हणाले.

"मले सांगत जा," आई म्हणाली. "मी भेते, पण मले सांगत जा."

मग ती स्टुलावर बसली. तिनं बाबांच्या सदऱ्याचं एक बटण काढलं, तळहात त्यांच्या छातीवर ठेवला, आणि नर्सनं दोनदा सांगूनही काढला नाही.

बाबा वाचले. तीन दिवस, मग आठ, मग महिना. गिरणीनं त्यांना हलकं काम दिलं. डॉक्टरांनी जिना नको, ओझं नको, फार हसू नका, असं सांगितलं. त्यातलं शेवटचं ऐकून बाबांना हसू आलं आणि आम्ही तिघांनी एकाच वेळी त्यांचे हात धरले.

पुढच्या दसऱ्याला पाहुणे आले, दीक्षाभूमी झाली. सिनेमाचं नाव कुणी काढेना. आईनंच काढलं. तिकिटं काढायला स्वतः खिडकीवर गेली आणि सगळी खालची घेऊन आली. आत्या म्हणाल्या, "वयनी, मानसायमंदी?" आई म्हणाली, "हाव." आम्ही पाचव्या ओळीत बसलो, सात बायका, शिट्ट्या मारणाऱ्या माणसांमध्ये. लोक वळून वळून बघत होते. आई बाबांच्या उजवीकडे, मी डावीकडे, बळी माझ्यापलीकडे.

दिवे गेले. पहिल्या विनोदाला बाबा हसले, आधी कोरडे दट्टे, मग पाणी, आणि आम्ही श्वास धरून दुसऱ्याची वाट बघत बसलो. दुसरं आलं तेव्हा सगळी ओळ हसली. पडद्यावर काय चाललं होतं ते आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं.

त्याही सिनेमात नोकर होता. त्यालाही थोबाडीत बसली. सगळी टॉकीज खदखदली आणि आमची ओळ गप्प झाली. बाबा गप्प. काहीच आवाज नाही. तेवढ्यात मी पाहिलं, आईचा हात अंधारात बाबांच्या छातीवर गेला होता. मी, बळी, आत्या, मामा, आम्ही सगळे पडदा सोडून तिच्या तोंडाकडे बघत होतो.

मग आईनं मान हलवली, हाव.